किलोमीटरभर तार

१९६२ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी तयार झालेली एखादी फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार आज दुरुस्तीच्या टेबलावर येते, तेव्हा तिच्या अंगावर साठ वर्षांच्या आवडीनिवडी साचलेल्या असतात. सत्तरच्या दशकात लाकूड उघडं दिसावं अशी हौस होती, म्हणून कुणीतरी मूळ रंग खरवडून टाकलेला असतो. ब्रिजजवळचा अरुंद पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारा भाग, काढून तिथे दोन वेटोळ्यांचा रुंद हमबकर बसवायचा म्हणून बॉडी कोरलेली असते. जास्त घट्ट धरणाऱ्या नव्या खुंट्या लावताना हेडस्टॉकच्या मागे भोकं वाढलेली असतात, फ्रेट एकदा-दोनदा बदललेले असतात आणि उरलेल्या जुन्या पिकअपपैकी एक मुका झालेला असतो. मालकाची मागणी मात्र एका वाक्यात मावते: हिला मूळ स्थितीत आणून द्या. या एका वाक्यात तीन मागण्या दडलेल्या आहेत. गिटार तेव्हासारखी दिसावी, तेव्हासारखी वाजावी आणि ती खरोखर तेव्हाचीच असावी. पहिल्या दोन मागण्या चांगला कारागीर बऱ्याच अंशी पुऱ्या करू शकतो. तिसरी कुणालाच पुरी करता येत नाही, कारण जे तेव्हाचं होतं आणि गेलं ते आता नव्याने तेव्हाचं होऊ शकत नाही. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला असावा असं मला वाटतं. गिटारीवर तिच्या जन्माचा जो पुरावा उरला आहे तो आधी सांभाळावा, त्यानंतर तिचं वाजणं पाहावं आणि रूपाकडे सगळ्यात शेवटी वळावं. जुन्या गिटारींचा बाजार बरोबर उलट्या क्रमाने चालतो, आणि या वाद्यांचं आज होणारं बरंचसं नुकसान त्यातून होतं.

इतिहास थोडक्यात सांगता येईल. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. १९३८ साली त्यांनी फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, १९४६ साली वाद्यांची कंपनी काढली, पन्नासच्या सुरुवातीला टेलिकास्टर बाजारात आणली आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण एखादी वस्तू बिघडते कशी आणि ती उघडायला सोपी कशी करावी हे त्यांना पुरतं कळत होतं. स्ट्रॅटोकास्टरची मान सरसाने चिकटवलेली नसते, चार स्क्रूंनी कसलेली असते. तिन्ही पिकअप, स्विच आणि नॉब एकाच प्लॅस्टिकच्या पत्र्यावर बसवलेले असतात, म्हणजे पत्रा उचलला की सगळं हातात येतं. एखादा भाग झिजला तर तो काढून दुसरा लावायचा, हेच या वाद्याच्या रचनेत गृहीत होतं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने १३ दशलक्ष डॉलरना हा कारखाना विकत घेतला. नंतरचा माल घसरला अशी वादकांची खात्री झाली आणि त्याआधीच्या गिटारींना सोन्याचा भाव आला. बदलायला सोपी म्हणून घडवलेल्या वस्तूची किंमत तिच्यात काहीही न बदलण्यावर ठरू लागली. पुढची सगळी अडचण या विरोधातून आली आहे.

पुरावा म्हणजे काय, हे पाहायला गिटार उघडावी लागते. मान सोडवली की तिच्या टाचेवर तारीख असते: १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने लिहिलेली, त्यानंतर रबरी शिक्क्याने उमटवलेली. शिक्क्यात महिना आणि वर्ष यांच्या आधी २ हा आकडा असला तर पुष्कळांना तो दिवस वाटतो. तो असतो मॉडेलचा क्रमांक. २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर. शेवटचं अक्षर नटपाशी मान किती रुंद आहे ते सांगतं. पन्नासच्या दशकातल्या अनेक मानांच्या टाचेवर टीजी ही अक्षरं सापडतात. ती ताडेओ गोमेझ या कामगाराची, मानेला आकार देण्याचं काम त्याचं होतं. १९५४ च्या काही गिटारींच्या आतल्या खोबणीत चिकटपट्टीचा तुकडा निघतो आणि त्यावर जोडणी करणाऱ्या बाईचं नाव असतं, मेरी किंवा ग्लोरिया. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १३७ म्हणजे सीटीएस, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. ३०४ ६२१९ असं लिहिलं असेल तर तो पॉट १९६२ च्या एकोणिसाव्या आठवड्यातला. त्याने गिटारीची तारीख सिद्ध होत नाही, फक्त गिटार त्याच्या आधीची नसावी एवढं कळतं, कारण सुटे भाग कधीकधी महिनोन्‌महिने, आणि १९६६ नंतर तर वर्षानुवर्षं, कारखान्यात पडून असत. तरीही टाचेवरचा शिक्का, पॉटवरचे आकडे आणि कधीही न विरघळलेलं सोल्डर ही तिन्ही एकमेकांशी जुळली की त्यांची साक्ष विक्रेत्याच्या शपथेपेक्षा भक्कम ठरते.

रंगाचा पुरावा आणखी नाजूक असतो. त्या काळात बॉडी रंगवताना आणि वाळवताना तिला खिळे ठोकून आधार देत, त्यामुळे साधारण १९६४ पर्यंतच्या बॉडीवर पत्र्याखाली खिळ्यांची बारीक भोकं असतात. ती रंगाने बुजलेली असतील तर बॉडी नंतर कुणीतरी रंगवली आहे असं समजावं. अतिनील दिव्याखाली जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळट-हिरवं चमकतं आणि नव्या थराचे डाग वेगळे उठून दिसतात. मात्र या खुणाही दरवेळी सरळ बोलत नाहीत. फेंडरच्या यादीत वाहनांसाठी बनवलेले ड्यूपाँ कंपनीचे रंग होते, फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू, ऑलिम्पिक व्हाइट. ते हवे असतील तर जास्त पैसे मोजावे लागत. मागणी आली की कारखान्यात कधीकधी तयार सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळी आणि कडेला काळी होत जाणारी, बॉडी घेऊन तिच्यावरच हा नवा रंग मारत. म्हणजे आज एखाद्या लाल स्ट्रॅटोकास्टरवर ओरखडा पडला आणि खालून सनबर्स्ट डोकावला, तर तो लाल रंग कुणा मालकाची हौस असू शकतो किंवा खुद्द कारखान्याचंच काम असू शकतं. ‘मूळ’ सनबर्स्ट मिळवायचा म्हणून घाईने लाल थर उतरवणारा माणूस कदाचित त्या गिटारीचा मूळ रंगच पुसत असतो. पुनर्स्थापनेच्या नावाखाली मूळ वस्तू नष्ट होण्याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. वास्तूंच्या जतनाबद्दल १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद तयार झाली, तिने जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेचं काम थांबावं असं सांगितलं आहे. दगडी देवळांना लागू पडणारा हा नियम लाकडाच्या या पाटीलाही तितकाच लागू पडतो.

तरी या वाद्याचा सगळ्यात हट्टी भाग रंगात नाही, पिकअपमध्ये आहे. रचना पाहिली तर पोरानेही करावी इतकी साधी. व्हल्कनाइज्ड फायबरच्या काळ्या पातळ दोन पट्ट्या, त्यांत ठोकून बसवलेले अल्निको या चुंबकी मिश्रधातूचे सहा दंड, प्रत्येक तारेखाली एक, आणि त्या दंडांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. पोलादी तार चुंबकावर थरथरली की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात वीज उमटते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व, त्यात नवीन काही नाही. नवल आहे ते तारेच्या मापात. ४२ गेजची ही तार वेष्टनाशिवाय सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाच्या आसपासची. तिचे आठ हजारांच्या घरात वेढे घातलेले असतात आणि सगळी उलगडली तर लांबी किलोमीटरच्या पुढे जाते. तिचा विद्युतरोध सहा हजार ओहमच्या आगेमागे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्यावर फॉर्मव्हार नावाचं वेष्टन असे, नंतर साधं इनॅमल आलं. आपल्याकडे पंख्याची मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाते तेव्हा तिथला कारागीर वेढे मोजून, गेज पाहून तशीच नवी तार भरतो आणि पंखा पूर्वीसारखा फिरू लागतो. पिकअपचं तसं होत नाही, कारण तिथे वेढे किती याच्याइतकंच ते कसे पडले यालाही महत्त्व असतं.

वेढे घालण्याचं काम यंत्र करत होतं, पण तार यंत्राने चालवलेली नव्हती. यंत्र फायबरचा सांगाडा फिरवी आणि बसलेली बाई तार बोटांच्या चिमटीतून सोडत ती डावी-उजवीकडे नेई. ताण किती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला किती वेगाने जायचं, कडेला किती थांबायचं, सगळं बोटांच्या हाती. तार शिस्तीत एकाशेजारी एक पडली तर वेढे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि वेटोळ्याची विद्युतधारिता वाढते, ती विस्कटून पडली तर मध्ये हवा राहते आणि धारिता घटते. धारिता बदलली की पिकअप कोणत्या उंचीच्या स्वरांना उचलून धरतो तो बिंदू सरकतो, आणि कानाला तो फरक जाणवतो. १९५६ साली अबिगेल इबारा या कारखान्यात कामाला लागल्या. पिकअप गुंडाळण्यात त्यांनी आयुष्य घालवलं आणि २०१३ साली त्या निवृत्त झाल्या. कंपनीची मालकी मधल्या काळात बदलली, कारखाना हलला, तारेचं वेष्टन बदललं, पण त्या तिथेच होत्या. शेवटच्या वर्षांत त्यांच्या हातच्या पिकअपसाठी लोक वेगळी किंमत मोजत, आणि त्यांनी शिकवलेल्या होसेफिना काम्पोस यांनी पुढे ते काम हाती घेतलं. गिटारीच्या इतिहासात लिओ फेंडरचं नाव मोठ्या अक्षरांत येतं आणि ते यावंच. पण ज्याला आपण पन्नास-साठच्या दशकातला स्ट्रॅटोकास्टरचा आवाज म्हणतो, त्यातला फार मोठा वाटा तासाच्या मजुरीवर बसलेल्या अशा बायकांच्या बोटांचा आहे. दुसऱ्या बाजूला, पन्नासच्या दशकात गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या कॅलामाझूमधल्या कारखान्यात सेथ लव्हर यांनी हमबकर घडवला. तिथलीही जुनी वेटोळी एकसारखी नाहीत. एका पिकअपचा रोध सात हजार ओहमच्या थोडा वर, तर दुसऱ्याचा नऊ हजारांपाशी. म्हणजे कारखान्यातून निघालेली ‘मूळ’ गिटार ही एकच एक ठरलेली गोष्ट नव्हती. एका आठवड्यातल्या दोन गिटारींचे आवाजही वेगळे असू शकत.

हा पिकअप मरतो कसा, हे त्याच्या रचनेतच लिहिलेलं आहे. तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. मध्ये फक्त लॅकरचा एक थर. वादकाच्या हाताचा घाम वरून झिरपतो, त्यातलं मीठ लॅकरच्या फटीतून अल्निकोपर्यंत पोचतं, गंज चढतो आणि तो सगळ्यात आतल्या वेढ्यांना खातो. आठ हजारांतला एक वेढा तुटला की सर्किट तुटतं. काही पिकअप मात्र मालकांनी मारले आहेत. स्ट्रॅटोकास्टरचे सहा चुंबक एका उंचीचे नसतात. तिसऱ्या तारेखालचा उंच ठेवलेला आहे, कारण १९५४ साली ती तार वेष्टित, म्हणजे वरून दुसरी तार गुंडाळलेली, असे आणि आवाज कमी देई. पुढे बारीक तारांचे संच आले. १९६२ सालच्या अर्नी बॉल स्लिंकीमध्ये तिसरी तार साधी पोलादी होती. साधी तार त्या उंच चुंबकावर फार मोठ्याने बोलते. वैतागलेल्या वादकाने अंगठ्याने तो चुंबक खाली दाबला आणि चुंबकाने आपल्या अंगाला चिकटलेले आतले वेढे सोबत ओढून तोडले, असं पुष्कळदा घडलेलं आहे. ज्यांना ‘मूळ’ आवाज हवा असतो त्यांनी या चुंबकाकडे लक्ष द्यावं. हे वाद्य ज्या तारांसाठी घडवलं त्या तारा आज जवळपास कुणीच लावत नाही, आणि मूळ पिकअपवर आजच्या तारा लावून जो आवाज येतो तो फुलरटनमध्ये १९५४ साली कुणीही ऐकलेला नाही.

तर मुक्या पिकअपचं करायचं काय? तार बाहेरच्या थरात तुटली असेल तर काही वेढे सोडवून टोक सापडतं, ते पुन्हा डागलं की काम झालं. गेलेले वेढे कानाला कळतही नाहीत. आत तुटली असेल तर तीन वाटा आहेत. तसाच मुका ठेवायचा, दुसऱ्या एखाद्या गिटारीतला त्याच वर्षाचा पिकअप आणून बसवायचा किंवा जुने सांगाडे आणि चुंबक ठेवून तार नवी भरायची. बाजाराला दुसरी वाट आवडते, कारण मग तारखा जुळतात. मला ती सगळ्यात वाईट वाटते. तिने एका गिटारीचा पुरावा खोटा होतो आणि दुसरीचा नाहीसा होतो. तिसरी वाट बाजारात उणी मानली जाते, पण ती प्रामाणिक आहे, आणि ती नीट करण्याची पद्धतही आहे. जुनी तार सुरीने कापून फेकायची नाही, वेढे मोजत उलगडायची. गुंडाळण्याची दिशा, सुरुवातीचं टोक कोणत्या बाजूला होतं, फायबरच्या पट्टीवर काही लिहिलं होतं का, हे टिपून ठेवायचं. चुंबक दंडांना हात लावायचा नाही. नवी तार ४२ गेजची, फॉर्मव्हार वेष्टनाचीच घ्यायची; ती आजही तयार होते, पण विजेच्या उद्योगाने केव्हाच दुसरी वेष्टनं पत्करल्यामुळे मोजक्याच ठिकाणी. आणि कुठे तरी, आतल्या बाजूला, हे काम नंतरचं आहे हे लिहायचं. यावर गुंडाळणारी बोटं तर तीच नाहीत ना, असा आक्षेप येतो. बरोबर आहे, ती नाहीत. म्हणूनच ते लिहून ठेवायचं.

वादकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. वाद्य हे वाजवण्यासाठी असतं, पुरावा जपण्याच्या नादात त्याला काचेच्या पेटीतली वस्तू करू नका, असं ते म्हणतात. मला हा आक्षेप मान्य आहे आणि माझ्या क्रमात त्याला जागाही आहे. फ्रेट झिजले तर ते बदलावेतच, पितळी-निकेलचे ते तुकडे झिजण्यासाठीच असतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा आला की कारागीर घोडी कानशीने घासून जवारी काढून देतो, आणि त्याने तंबोरा कमी अस्सल झाला असं कुणी म्हणत नाही. घोडी जुनी राहिली पण जवारी गेली तर तंबोराच उरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. युरोपात तर जुन्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनींपैकी जवळपास सगळ्यांच्या माना एकोणिसाव्या शतकात बदलल्या गेल्या, आतली आधारपट्टी बदलली, फिंगरबोर्ड बदलले, कारण मैफिलींची दालनं मोठी झाली आणि आवाज मोठा हवा होता. तरीही त्या स्ट्रॅडिव्हेरियसच राहिल्या. फ्रेट बदलले म्हणून गिटारीची किंमत घटवणारा संग्राहक आणि मान बदललेल्या व्हायोलिनसाठी कोट्यवधी मोजणारा संग्राहक हे दोघे एकाच प्रश्नाला उलट उत्तरं देतात, आणि माझ्या मते व्हायोलिनवाला बरोबर आहे. पण व्हायोलिनची मान बदलणाऱ्यांनी जुन्या माना बहुतेक फेकून दिल्या, आणि त्या कशा होत्या हे आज अभ्यासकांना उरलेल्या मोजक्या वाद्यांवरून ताडावं लागतं. गिटारीच्या बाबतीत ती चूक आपण टाळू शकतो. काढलेले फ्रेट, काढलेले पॉट, काढलेला स्विच एका पाकिटात घालून गिटारीच्या पेटीत ठेवायला काहीच पडत नाही.

दुसरा आक्षेप असा की पुरावा म्हणजे फक्त कारखान्याचाच का? वादकाने जे केलं तोही पुरावाच आहे. इथे उदाहरणं ठळक आहेत. गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या गिब्सन लेस पॉलमध्ये मानेकडच्या पिकअपचा चुंबक उलटा बसलेला आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, नाकातला येतो. तो आवाज त्यांच्या ध्वनिमुद्रणांमुळे जगभर पोचला. ती गिटार पुढे गॅरी मूर यांच्याकडे, मग २०१४ साली मेटालिका या बँडच्या कर्क हॅमेट यांच्याकडे आली आणि कुणीही तो चुंबक सुलटा केला नाही. कारखान्याच्या नकाशाप्रमाणे ती गिटार चुकीची आहे आणि ती चूक काढली तर तिच्यात काही राहणार नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली नॅशव्हिलमध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेतल्या आणि त्यातल्या तिघींचे चांगले भाग जोडून एक काळी गिटार बनवली. मूळ स्थितीच्या कुठल्याही कसोटीवर ती नापास होईल, तरी २००४ साली ख्रिस्तीच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. आयरिश वादक रोरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरवर रंग जवळपास उरलेला नाही, खुंट्यांपैकी एक वेगळीच आहे. आयर्लंडने ती तशीच राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली आहे. या तिघींना मूळ स्थितीत आणावं असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न उरतो तो अनामिक वादकाचा. १९७८ साली नागपूरच्या किंवा नॅशव्हिलच्या एखाद्या मुलाने बॉडी कोरून हमबकर बसवला, त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याची खूणही जपायची का? माझं उत्तर असं की त्याची खूण पवित्र नाही, पण ती पुरावा आहे. आज त्याने कोरलेली जागा त्याच जातीच्या लाकडाने भरता येते, भरावीही. मात्र भरलेला तुकडा ज्याला पाहायचा त्याला दिसावा, पत्रा उचलला की ओळखू यावा. दुरुस्ती लपवण्यात कारागिराचं कौशल्य वाया जातं.

आता रूपाकडे. इथे सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गोंधळ आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली ऑलिम्पिक व्हाइट गिटार पांढरी होती. वरचं लॅकर पिवळं पडल्याने ती आज सायीच्या रंगाची आहे. निळी गिटार हिरवट झाली आहे. १९५८-५९ च्या सनबर्स्टमधला लाल रंग उन्हाने उडून कित्येकदा फक्त पिवळा आणि काळा उरला आहे. तापमान झटकन बदललं की लॅकरला बारीक तडे जातात. आता कुणी खरोखरच मूळ स्थिती आणली, म्हणजे शुभ्र, सपाट, तडे नसलेला रंग दिला, तर मालक नाराज होतो. त्याला हवी असते १९६२ ची, पण साठ वर्षं हात न लागलेली गिटार आज जशी दिसते तशी. म्हणून कारागीर लॅकरमध्ये पिवळी छटा मिसळतात, बॉडी थंडीत ठेवून मुद्दाम तडे आणतात, कोपऱ्यांवर रंग घासतात. हे कौशल्य मोठं आहे, त्याचं मला कौतुक आहे, पण त्याने तयार होणारं रूप त्या गिटारीला कधीच नव्हतं, ना कारखान्यात, ना नंतर. लॅकर पातळ असेल तर लाकूड मोकळेपणाने बोलतं असंही सांगतात. भरीव बॉडीच्या गिटारीबाबत हे मला पटत नाही, कारण १९६३ च्या सुमारापासून फेंडर लॅकरच्या खाली फुलरप्लास्ट नावाचा घट्ट बसणारा थर देत असे, जो थिनरनेही सहज विरघळत नाही. त्या गिटारींना कुणी मुक्या म्हणत नाही. रंग बदललेल्या गिटारीची किंमत ढोबळमानाने निम्म्यावर येते, आणि दुसऱ्यांदा उत्तम रंग दिला तरी ती वर चढत नाही. बाजाराचा हा एक नियम मला शहाणपणाचा वाटतो. जुन्या लॅकरवर नवं लॅकर मारलं की त्यातला द्रावक जुना थर विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात, मग ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. जिथे जुन्या रंगाचा एक तळहाताएवढा तुकडाही शिल्लक आहे तिथे स्प्रे गन हातात घेऊ नये.

अडचणी मात्र इथेच संपत नाहीत, आणि पुढच्या कारागिराच्या हातात नाहीत. १९५९ ते १९६४-६५ दरम्यान फेंडरने जो हिरवट पत्रा वापरला तो सेल्युलोज नायट्रेटचा. हे प्लॅस्टिक स्वतःच विघटित होतं. ते आकसतं, स्क्रूंभोवती तडकतं, पिकअप तिरके ओढतं आणि त्यातून निघणारा आम्लवायू जवळच्या धातूला गंज चढवतो. गिब्सनवरच्या क्लुसन खुंट्यांच्या प्लॅस्टिक मुठीही अशाच आकसून चुरा होतात. मूळ पत्रा लावून ठेवला तर तो शेजारच्या भागांना खातो, काढला तर गिटार ‘पूर्ण मूळ’ राहत नाही. संग्राहक बहुतेक तो लावूनच ठेवतात, बंद पेटीत, जिथे वायू बाहेर पडायला वाट नसते. पत्रा वेगळ्या हवेशीर जागी ठेवून गिटारीवर नवा बसवणं हेच मला योग्य वाटतं, पण असं करणाऱ्याला विक्रीच्या वेळी भुर्दंड पडतो.

लाकडाची अडचण आपल्यापर्यंत येऊन पोचते. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या फिंगरबोर्डचं लाकूड ब्राझीलचं रोजवुड. १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याच्या व्यापारावर जवळपास बंदी आहे. त्याची जागा अमेरिकी गिटारींवर भारतीय रोजवुडने, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही उगवणाऱ्या शिसवीने घेतली. जानेवारी २०१७ मध्ये ही सगळी जात त्याच कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि शिसवी पट्टी असलेली गिटार सीमेपलीकडे पाठवायलाही कागद लागू लागले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. झिजलेला मूळ फिंगरबोर्ड काढून नवा ब्राझिलियन बसवणं आज कायद्याने अवघड आहे आणि जंगलाकडे पाहता करूही नये. त्यात फेंडरने १९६२ च्या मध्यापासूनच फिंगरबोर्डसाठी जाड लाकडाऐवजी वाकवलेला पातळ थर लावायला सुरुवात केली होती. तो घासून घासून आणखी पातळ झाला की फ्रेट बदलण्याच्या संधी मोजक्याच उरतात.

आणि सगळ्यात मोठी अडचण सुट्या भागांच्या बाजाराची. जुन्या पिकअपचा एक जोड, जुना पत्रा, जुने पॉट यांची बेरीज कधीकधी अखंड गिटारीच्या किमतीहून जास्त होते. मग रंग बदललेली, तरीही शाबूत असलेली गिटार मोडून तिचे भाग दुसरीला ‘मूळ’ करण्यासाठी विकले जातात. एक गिटार पूर्ण होते तेव्हा कुठेतरी दुसरी उघडी पडते, आणि विकत घेणाऱ्याला ती उघडी पडलेली कधी दिसत नाही. गिब्सनच्या पाठवणीच्या काही नोंदवह्या तरी उरल्या आहेत. फेंडरच्या बाबतीत कोणता पिकअप कोणत्या बॉडीत होता हे सांगणारी नोंद कारखान्याने कधी ठेवलीच नाही. त्यामुळे एक डागलेला जोड विरघळला, की त्या दोन भागांचा संबंध फक्त तो विरघळवणाऱ्याच्या स्मरणात राहतो. आज कित्येक चांगले कारागीर काम सुरू करण्याआधी प्रत्येक जोडाचे, टाचेचे, खोबणीचे फोटो काढतात आणि त्यांचा संच मालकाला देतात. अडचण पुढे येते. गिटार विकली जाते तेव्हा तो संच बरोबर जाईलच असं नसतं, कारण त्यात दुरुस्तीही दिसते आणि दुरुस्ती दिसली की भाव उतरतो. हे फोटो वाद्याच्या क्रमांकाशी जोडून कुणा संग्रहालयाने किंवा कारागिरांच्या संघाने स्वतंत्रपणे जपले, तर विक्रेत्याला ते दडवता येणार नाहीत, आणि तार नव्याने भरलेला पिकअपही आपलं खरं वय सांगत विकला जाईल.